बाभळीची गिटार

गिटार बनवायला शिकायचं ठरलं तेव्हा पहिला वाद झाला तो लाकडावरून. माझ्या डोक्यात एकदम फिक्स होतं की चांगली अकूस्टिक गिटार म्हणजे पुढची फळी स्प्रूसची, मागची फळी आणि बाजूच्या पट्ट्या रोजवूडच्या म्हणजे आपल्या शिसवीच्या, आणि मान महोगनीची, इतकी वर्षं दुकानांतून आणि यूट्यूबवर हेच कानावर पडत आलंय ना. मेलबर्नच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी शनिवारी शिकायला जायचे तिथले मास्तर (इथे सगळे एकमेकांना नावानेच हाका मारतात पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मला ते जमत नाही, म्हणून मास्तर) म्हणाले, शिसवी हवीच असेल तर मागवून देतो, पण राहतेस इथे, झाडं आहेत इथे, मग तुझ्याच देशातलं लाकूड बोटीने आणून तुलाच विकायचं म्हणजे जरा गंमतच आहे.

त्यात शिसवीला कागदपत्रांचं झंझट आहे ते वेगळंच. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया वंशातली सगळी झाडं साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या झाडाप्राण्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेली, आपली शिसवी पण त्यात आली, आणि एक गिटार देशाबाहेर विकायची तरी परवाने काढायची वेळ आली. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली पण मधल्या काळात बऱ्याच गिटारवाल्यांनी दुसऱ्या लाकडांकडे बघायला सुरुवात केली ती केलीच. ऑस्ट्रेलियात तर हे त्याच्या खूप आधीपासून चालू आहे. बिल मे नावाच्या माणसाने १९४६ मध्ये मेलबर्नमध्ये मेटन कंपनी काढली आणि ते लोक इथली लाकडं वापरत आले, इथला नावाजलेला गिटारवादक टॉमी इमॅन्युएल वाजवतो ती मेटनच. नंतर २००१ मध्ये कोल क्लार्क आले, ते पण मेलबर्नचेच, आणि त्यांच्या कित्येक गिटारींचं पुढचं पान, म्हणजे पुढची फळी, बुनिया नावाच्या इथल्याच झाडाचं असतं. म्हणजे मी काही जगावेगळं करत नव्हते.

शेवटी ठरलं ते असं. पुढचं पान बुनिया पाइनचं, मागचं आणि बाजू टास्मानियन ब्लॅकवूडच्या, मान क्वीन्सलँड मेपलची, फिंगरबोर्ड (मानेवरची पट्टी, जिच्यावर बोटांनी तारा दाबतात) आणि ब्रिज (पुढच्या पानावर तारा जिथे अडकवतात तो तुकडा) गिजीचा. ही नावं ऐकून घरी फोनवर काहीच बोध होईना म्हणून मी गुगल करून बाबांना सोप्या भाषेत सांगितलं की ब्लॅकवूड आणि गिजी दोन्ही अकेशिया आहेत, म्हणजे बाभळीच्या गोतावळ्यातले. बाबा सांगलीचे, शेतकरी घरातले. म्हणाले, "बाभळीचं औत असतंय गं, कुळव असतोय, गाडीची चाकं असत्यात, गिटार कसली बाभळीची?" आता यावर काय बोलणार. पण खरं सांगायचं तर गिटारवाल्यांमध्ये ज्याचं एवढं कौतुक असतं तो हवाईचा कोआ पण अकेशियाच आहे आणि ब्लॅकवूड त्याचा सख्खा म्हणावा इतका जवळचा भाऊ आहे. उटीकडे ब्रिटिशांनी हेच ब्लॅकवूड आणून लावलेलं, तिकडे ते आता जंगलात घुसून बसलंय.

बुनियाचं झाड मी आधी बोटॅनिकल गार्डनमध्ये पाहिलेलं. पाइन म्हणतात पण पाइन नव्हे, अराउकेरिया आहे, म्हणजे पुण्यामुंबईच्या नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीत जे विकतात ना, त्याच्या घराण्यातलं. त्याला जे कोन येतात ते दहा-दहा किलोपर्यंत भरतात आणि वरून धाडकन पडतात, त्यामुळे बागांमध्ये कोनच्या सीझनला झाडाखालची जागा दोरी लावून बंद करतात. क्वीन्सलँडच्या बुनिया माउंटन्समध्ये साधारण दर तीन वर्षांनी जेव्हा भरपूर कोन यायचे तेव्हा लांबलांबचे आदिवासी समूह तिथे जमायचे, बिया भाजून खायचे, लग्नं ठरायची, भांडणं मिटायची. गोऱ्यांनी येऊन झाडं तोडायला काढली आणि ते सगळं मोडलं. १९०८ मध्ये तिथे नॅशनल पार्क झालं. हे माहीत झाल्यावर ते पान हातात घेताना जरा वेगळं वाटतं हे खरं, जरी माझं लाकूड लागवडीतलं असलं तरी.

मेपल पण खरा मेपल नाही. क्वीन्सलँडच्या पावसाळी जंगलातलं झाड, आणि कुळ कुठलं तर लिंबाचं, कढीपत्त्याचं! १९८८ मध्ये तो वेट ट्रॉपिक्सचा सगळा पट्टा जागतिक वारसा झाला आणि तिथली तोड थांबली, त्यामुळे आता जे मिळतं ते खाजगी जमिनीवरचं किंवा जुन्या साठ्यातलं.

बरं, आता कामाचं. पहिलं काम म्हणजे पुढच्या पानाचे दोन तुकडे जोडणं. एकच फळी मधून पुस्तकासारखी उघडतात, म्हणजे डावी-उजवीकडच्या रेषा एकमेकांचं प्रतिबिंब दिसतात, आणि मधे जोड. तो जोड रंध्याने सरळ करायचा. ऐकायला सोपं आहे. दोन्ही तुकडे एकत्र धरून खिडकीसमोर उभं राहायचं आणि मधून उजेड दिसतो का बघायचं, केसाएवढा जरी उजेड आला तरी परत रंधा. मी आयुष्यात त्याआधी रंधा धरला नव्हता, सांगलीत घराच्या मागे सुतारकाम चालायचं ते फक्त बघितलेलं, आणि आता कळलं की ते लोक रंधा मारताना पूर्ण अंगाने का डुलायचे, कारण नुसत्या हाताने मारला की दोन्ही टोकांना जास्त लाकूड जातं आणि मधे फुगा राहतो. पार्श्वभाग आणि गुडघे वापरावे लागतात. एकदा ते अंगात आलं की लांबच लांब अखंड पापुद्रा निघतो, कडेला उजेड आरपार दिसेल इतका पातळ, आणि मग थांबवत नाही.

मग जाडी. फळी मिळते तेव्हा चार मिलीमीटरच्या वर असते, तिला २.८ च्या आसपास आणायची. इथे मला पहिल्यांदा नीट समजलं की हे सुतारकाम नाही, हे दुसरंच काहीतरी आहे. फळीचा कडकपणा जाडीच्या घनाने बदलतो, म्हणजे ३ ची २.७ केली, नुसती दहा टक्के, तर कडकपणा जवळजवळ सत्तावीस टक्के गेला. म्हणून शेवटच्या टप्प्यात मोजपट्टीपेक्षा हातावर काम चालतं. फळी दोन्ही हातात धरून आडवी वाकवून बघायची, उभी वाकवून बघायची, मग कडेपासून साधारण पाव लांबीवर दोन बोटांत धरून, लटकवून दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकायची. सुरुवातीला "टक" येतो, मेलेला. पातळ होत गेली की एका ठिकाणी अचानक सूर येतो, लांबतो, घुमतो. अजून पातळ केली की तो सूर ढिला पडतो. त्या मधल्या जागी थांबायचं. मास्तर आकडा सांगायचेच नाहीत, म्हणायचे ऐक. बुनिया स्प्रूसपेक्षा थोडं जड आणि रेषांच्या आडवं जरा लवचिक वाटलं मला, निदान माझ्या हातातल्या दोन फळ्यांवरून तरी, त्यामुळे स्प्रूसचे नेटवरचे आकडे जसेच्या तसे लावले तर चालत नाहीत. जे लोक लाकडाचं फक्त नाव विचारून गिटारची किंमत ठरवतात त्यांना एकदा हे ठोकायला द्यावं असं मला फार वाटतं. एकाच झाडाच्या दोन फळ्या वेगळ्या वाजतात.

हे ठोकणं मी मिरजेत पाहिलंय. माझं माहेर सांगली, मिरज शेजारीच, आणि लहानपणी आत्याबरोबर सतारमेकर गल्लीत गेलेले तेव्हा तिथले कारागीर भोपळा असाच ठोकून बघत होते, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात ते भोपळे. तेव्हा काही कळलं नव्हतं. आणि त्यातली खरी कमाल पुढे झाली. गिटारच्या आत, बाजूची पट्टी आणि फळी जिथे मिळतात तिथे चिकटायला जागा मिळावी म्हणून एक खाचा पाडलेली पट्टी लावतात, लायनिंग. मास्तरांनी त्यासाठी ऑस्ट्रेलियन रेड सीडरचा एक तुकडा काढून दिला, हलका, तांबूस, आणि करवत लावली तसा वास सुटला आणि मी तिथेच थांबले, कारण तो वास मला माहीत होता. घरी येऊन बघितलं तर रेड सीडर म्हणजे टूना सिलिएटा, आणि मिरजेत सतार-तंबोऱ्याला जे तूण वापरतात ते पण टूना सिलिएटाच. जातच एक! एकोणिसाव्या शतकात इथल्या न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरून हे इतकं तोडलं की मोठी झाडं जवळपास संपली, तांबडं सोनं म्हणायचे त्याला. आणि लावायला जावं तर एक पतंगाची अळी शेंडा खाते, त्यामुळे सलग लागवड फारशी जमत नाही.

लायनिंग चिकटवताना शेकड्याने क्लॅम्प लागतात, ते कोणाकडे असणार, तर कपडे वाळत घालायचे चिमटे वापरतात, वरून रबरबँड गुंडाळून. माझ्या आख्ख्या गिटारमध्ये घरचे लोक फोटो बघून फक्त याच एका टप्प्यावर मनापासून हसले.

त्याआधी बाजू वाकवणं झालं होतं. दोन मिलीमीटर जाडीची ब्लॅकवूडची पट्टी पाणी मारून तापलेल्या लोखंडी पाइपवर टेकवायची, हाताने अलगद दाबत, आणि वाट बघायची. लाकूड सांगतं. आधी दगडासारखं अडून बसतं आणि मग एका क्षणी हाताखाली सैल होतं, ते जाणवतं म्हणजे जाणवतंच, तेव्हा पुढे सरकवायचं, थांबलं की जळतं, घाई केली की तडकतं. कमरेचा जो आत येणारा बाक असतो ना तिथे सगळ्यात वाईट, आणि ज्या लाकडात लाटा असतात, तेच दिसायला भारी असतं, तेच तिथे आधी मोडतं, म्हणून मास्तरांनी मला मुद्दाम साधं सरळ रेषांचं दिलं होतं. ब्लॅकवूड त्या मानाने गुणी आहे, वाकतं. फक्त त्याची धूळ वाईट. दमा, अंगावर पुरळ, सगळं होऊ शकतं, त्यामुळे सँडिंगला मास्क लावल्याशिवाय मास्तर आत येऊच द्यायचे नाहीत, नुसता कोविडवाला कापडी नाही, चांगला फिल्टरचा.

ब्रेसिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि ते मला सगळ्यात आवडलं. पुढच्या पानाला आतून फुलीसारख्या दोन मुख्य पट्ट्या आणि त्याला फुटलेल्या बारीक पट्ट्या असतात. तारा लावल्या की सगळा ताण मिळून ७० किलोच्या आसपास जातो, तीन मिलीमीटरहून पातळ फळीवर एक माणूस कायमचा लटकलाय असं समजा, ते या पट्ट्या धरून ठेवतात. आणि तरी फळी हलली पाहिजे, नाहीतर आवाज नाही. चिकटवायची पद्धत पण मस्त आहे, वर एक फळी, खाली एक, आणि मधे लवचिक काठ्या वाकवून अडकवायच्या, त्या स्वतःच्या ताणाने पट्टी खाली दाबून धरतात, पंधरा-वीस काठ्या उभ्या वाकलेल्या दिसतात. खालचा पाट किंचित खोलगट असतो त्यामुळे फळीला पण थोडा फुगवटा येतो, डोळ्याला दिसत नाही पण सरळ पट्टी ठेवली की कळतो. मग चिकटलेल्या पट्ट्या पटाशीने कोरायच्या, टोकांकडे उतरत्या, आणि कोरता कोरता परत ठोकायचं. इथे मास्तर मागे येऊन उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत, मी पटाशी ठेवली की म्हणायचे, अजून. मग मी दोन पापुद्रे काढायचे. अजून. शेवटी एकदा स्वतःच ठोकून बघितलं आणि चहा टाकायला निघून गेले, तेव्हा समजलं झालं.

या कामाला हवेचं पथ्य आहे. वर्कशॉपमध्ये आर्द्रता ४५ टक्क्यांच्या जवळपास असेल तेव्हाच ब्रेसिंग चिकटवायचं. मेलबर्नमध्ये उन्हाळ्यात उत्तरेकडून वाळवंटाचा गरम वारा सुटला की हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, आणि संध्याकाळी वारा फिरला की स्वेटर. तशा दिवशी गोंदाची बाटली उघडायचीच नाही, आम्ही मानेचं काम काढून बसायचो. कोरड्यात चिकटवलेली फळी पुढे ओल लागली की फुगते आणि ओल्यात चिकटवलेली कोरड्यात चिरते.

मानेबद्दल फार लिहीत नाही, तिच्यात कानस आणि धीर याशिवाय काही नाही. क्वीन्सलँड मेपल कापायला लोण्यासारखा नाही पण भांडतही नाही, आणि प्रकाशात फिरवला की रंग हलतो. बोल्टने जोडली, डव्हटेल (लाकडात लाकूड अडकवायचा खाचेचा सांधा) नको म्हणाले मास्तर पहिल्याला. फिंगरबोर्ड मात्र छळतो. गिजी म्हणजे आतल्या भागातल्या रखरखीत मुलखातली बाभूळच, पाण्यात टाकली तर दगडासारखी बुडते, पावसाआधी त्या झाडांचा असा घाण वास सुटतो की त्याला गंधेरी गिजीच म्हणतात. करवतीचे दात जातात. फ्रेटच्या, म्हणजे फिंगरबोर्डवर आडव्या बसवतात त्या धातूच्या पट्ट्यांच्या, खाचा पाडायच्या त्याचं गणित सोपं आहे, उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं. माझी तारेची लांबी ६४५ मिमी, म्हणजे पहिली खाच ३६.२ वर, मग उरलेल्या ६०८.८ ला परत भागायचं, असं करत करत बारावी बरोबर अर्ध्यावर यायला हवी, ३२२.५. आली की हिशोब बरोबर. पण गिजीत खाच जराशी जरी अरुंद राहिली की फ्रेट ठोकताना ती पाचरीचं काम करते, वीस पाचरी मिळून मान मागे वाकवतात. म्हणून प्रत्येक खाच फ्रेटच्या तुकड्याने तपासून मग पुढे.

साउंडहोलभोवतीची (पुढच्या पानावरच्या गोल भोकाभोवतीची) नक्षी मी शीओकची केली, म्हणजे आपल्या कोकणातल्या सुरूचा भाऊबंद. त्यात आडव्या छटेचे असे चमकदार ठिपके असतात की वेगळी नक्षी करावीच लागत नाही.

पॉलिशला मास्तरांनी डबा उघडला तर आत चपडा! आपल्याकडे पॉलिशवाले फर्निचरला लावतात तोच, लाखेचा, आणि तो बराचसा भारतातूनच येतो. इथे स्पिरिटला मेथो म्हणतात, त्यात चपडा विरघळवायचा, सुती कापडाची पुरचुंडी, तेलाचा एक थेंब, आणि आठच्या आकड्यात हात फिरवत राहायचं. थांबलात की तिथेच चिकटलं. एवढ्या सगळ्या ऑस्ट्रेलियन लाकडावर शेवटचा हात लाखेचा, याचं मला उगाच बरं वाटलं.

तारा लावल्या तेव्हा पहिला आवाज खरं सांगू तर आवडला नाही. कोरडा, आखडलेला. मास्तर म्हणाले आठवडाभर वाजव मग बोल, आणि खरंच फरक पडला, लाकूड ताणाला सरावतं. शिसवीच्या गिटारला जो मंद्र सप्तकात घुमणारा, मागे रेंगाळणारा आवाज असतो तो हिच्यात नाही. मधले स्वर पुढे येतात, बोट लावलं की लगेच उत्तर, आणि लगेच शांत. जे लोक फिंगरस्टाइल, म्हणजे बोटांनी एकेक तार छेडत, वाजवतात त्यांना आवडेल, ढणाढण स्ट्रमिंगवाल्यांना कदाचित कमी. मान थोडी पुढे ओढली गेली तर ट्रस रॉडला (मानेच्या आतली धातूची सळई, जिने मान सरळ करता येते) पाव फेरा दिला, बाराव्या फ्रेटवर जाड तार आता अडीच मिलीमीटरच्या जरा खाली आहे. सांगलीला नेणार आहे पण थंडीत, पावसाळ्यात नेली तर बुनिया फुगून ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वर जाणार हे नक्की.

आणि तिकडे कोणाला करून बघायचं असेल तर ऑस्ट्रेलियातून काही मागवायची गरज नाही, सिल्व्हर ओक आपल्याकडे चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावलेला असतो, तो मूळ इथलाच आणि इथले लोक त्याच्या गिटारी करतात. फळी क्वार्टर सॉन (म्हणजे खोडाच्या वलयांना काटकोनात) कापून घ्या, म्हणजे त्याची जाळीदार नक्षी दिसेल, गिरणीवाल्याला आधीच सांगावं लागेल कारण ते सरसकट एकाच दिशेने कापत जातात. ओली असली तर काठ्या मधे घालून सावलीत वाळवा, उन्हात नको. आणि कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, त्या झाडाने काही जणांना अंगावर पुरळ उठतं.